मे-जूनमध्ये शरीर कसं राखावं: कॉलेजच्या खेळाडूंसाठी आठ आठवडे

जुलैमधली कबड्डीची निवड चाचणी. एक चढाईपटू बोनस घेऊन वळला आणि मध्यरेषेकडे पळतानाच मांडीचा मागचा भाग धरून खाली बसला. शीर ओढली होती. म्हणाला, "सर, परीक्षेनंतर काहीच केलं नाही, परवापासून पळायला लागलो." मैदानाबाहेर आणताना त्याचा एक हात माझ्या खांद्यावर होता. त्याचा तो हंगाम तिथेच संपला.

अशी दुखापत नशिबाने होत नाही. दोन महिने आराम केलेल्या शरीरावर अचानक पूर्ण जोर टाकला की होते. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या पोरांकडे परीक्षा आणि चाचणी यांच्यामध्ये साधारण आठ आठवडे असतात. ते असे वापरा.

पहिले दोन आठवडे: जुनी दुखणी मिटवा

खेळ पूर्ण बंद ठेवा. चालणं, पोहणं, सायकल चालेल. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची भीती सर्वांत जास्त असते, म्हणून फिजिओथेरपिस्टला आत्ताच दाखवा. रोज दात घासताना एका पायावर उभे राहा, दोन्ही पाय आळीपाळीने. जमू लागलं की डोळे मिटून, पण भिंतीजवळ.

घरच्या शेतात काम असेल तर तेही मोजा. केळीचे घड वाहिले त्या दिवशी कंबर आणि पाय दमलेलेच असतात. संध्याकाळी वर शंभर बैठका मारू नका.

वेळ आणि पाणी

मे महिन्यात इथे पारा 45 अंशांच्या आसपास जातो. सराव उजाडताना सुरू करा, साडेसातच्या आत संपवा. उन्हाची सवय व्हायला शरीराला 10 ते 14 दिवस लागतात, तेवढे दिवस जोर कमीच ठेवा. सरावाआधी आणि नंतर वजन करा: एक किलो घटलं म्हणजे जवळपास एक लिटर पाणी गेलं. ते ताक, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी पीत दिवसभरात भरून काढा. कुणी असंबद्ध बोलू लागला, भोवळ येऊन पडला, तर सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा.

तिसऱ्या आठवड्यापासून: ताकद

जोर-बैठका चांगल्याच आहेत, पण मांडीच्या मागच्या शिरेला त्या पुरत नाहीत. पळताना पाय पुढे फेकला की हीच शीर लांबत लांबत त्याला आवरते, आणि तिथेच ती तुटते. म्हणून तिला लांबतानाच ताकद द्यायची. त्यासाठी नॉर्डिक हा व्यायाम आहे, आणि जिम लागत नाही.

सतरंजीची घडी घालून त्यावर गुडघे टेका. जोडीदाराने मागून दोन्ही घोटे दाबून धरावेत. गुडघ्यापासून डोक्यापर्यंत अंग एका रेषेत ठेवून पुढे झुकत जा, जितकं सावकाश जमेल तितकं. कंबर मागे सुटू देऊ नका, सगळे तिथेच चुकतात. जिथे धरवणार नाही तिथे तळहात टेकून पडा आणि हातांनी ढकलून वर या. या व्यायामाच्या पहिल्या आठवड्यात एकदाच, पाच-पाचचे दोन सेट. दुसऱ्या दिवशी मांडी भरून येते, घाबरू नका. दोन-तीन आठवड्यांत ते कमी होतं. नंतर आठवड्यातून दोनदा, हळूहळू आठ-आठच्या तीन सेटपर्यंत. हा व्यायाम नियमाने करणाऱ्या संघांत मांडीच्या या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्याचं अभ्यासांत दिसलंय. हंगाम सुरू झाल्यावरही आठवड्यातून एकदा करा.

जोडीला पोटरीसाठी एका पायावर टाच उचलणं आणि जांघेसाठी कुशीवर आडवं होऊन वरचा पाय बाकावर टेकवत कंबर उचलणं. पकड करणाऱ्यांनी जांघ मुळीच सोडू नये.

उडी घेऊन उतरणं

गुडघ्याच्या आतलं लिगामेंट (एसीएल, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारा पट्टा) बहुतेक वेळा धक्का न लागताच जातं: उतरताना किंवा झटकन वळताना. मुलींमध्ये हे प्रमाण जास्त आहे, तरी मुलींच्या संघाला हे कमीच शिकवलं जातं, याचं मला वाईट वाटतं. फूटभर उंच ओट्यावरून दोन्ही पायांवर उतरा. गुडघे वाकलेले, पावलांच्या सरळ रेषेत. आत एकमेकांकडे झुकले की चूक. पाय आपटल्याचा आवाज येता कामा नये. मैत्रिणीला समोरून मोबाइलवर चित्रण करायला सांगा, चूक लगेच दिसते.

पळणं

उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात, त्यात पाय अडकतो. डांबरावर नडग्या दुखू लागतात. सपाट मातीचा रस्ता किंवा गवत शोधा. आठवड्यातून तीन दिवस, वीस मिनिटं बोलता येईल अशा वेगाने सुरुवात करा. पाचव्या आठवड्यात छोट्या दौडी तीन-चतुर्थांश वेगाने, सहाव्यानंतर पूर्ण वेगाने. पूर्ण वेग चाचणीच्या दिवसासाठी राखून ठेवू नका, शिरेला त्याची ओळख आधीच हवी.

जेवणात दादरची (ज्वारीची) भाकरी, डाळ, शेंगदाणे, दूध, जमल्यास अंडी. लग्नसराईतही आठ तास झोप सोडू नका.

आठव्या आठवड्यात स्वतःला तपासा

एका पायावर सलग पंचवीस वेळा टाच उचलता येते का पाहा. मग मातीत रेघ ओढून एका पायाने लांब उडी घ्या, त्याच पायावर उतरा, टेपने मोजा, दुसऱ्या पायाने तेच करा. फरक दहा टक्क्यांहून जास्त निघाला, तर ते आकडे कागदावर लिहून चाचणीच्या आधीच सरांना दाखवा.