खाणीच्या मातीतले बॅक्टेरिया शोधताय? या चुका टाळा

मागच्या जूनमध्ये चंद्रपूरहून आलेला थर्माकोलचा डबा उघडला तर आत बर्फाच्या जागी कोमट पाणी, त्यात चौदा झिपलॉक पिशव्या पोहतायत, आणि पिशव्यांवर जेल पेनने लिहिलेले नंबर विरघळून नुसती निळी धार. सॅम्पल आणणारा मुलगा रात्रभर डबा मांडीवर घेऊन ट्रेनमध्ये बसला होता, दादरला उतरून घरीसुद्धा न जाता सरळ लॅबमध्ये आला, त्याला काय बोलणार. चहा पाजला आणि चौदाच्या चौदा पिशव्या फेकल्या.

मी मुंबईतल्या एका कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करते. दरवर्षी दोन-चार एमएस्सीवाले प्रोजेक्टसाठी खाणीची माती निवडतात, म्हणजे खाण खोदताना वर काढून टाकलेल्या दगड-मातीचे जे डोंगर असतात ना, ओबी डम्प म्हणतात त्यांना, त्यावर झाडं लावल्यावर मुळांभोवती कोणते बॅक्टेरिया येतात ते बघायचं. काहीजण विदर्भात जातात, काहीजण तुर्भ्याकडच्या बंद दगडखाणीत, कारण तिथे लोकलने जाऊन संध्याकाळी परत येता येतं. विषय भारी आहे पण घोळ दरवर्षी तेच, आणि बहुतेक घोळ लॅबमध्ये पोचायच्या आधीच, खुरपं हातात असतानाच झालेले असतात.

सगळ्यात मोठा घोळ: झाडाजवळची माती उचलून तिला मुळाची माती म्हणणं

रायझोस्फिअर, म्हणजे मुळाला अगदी लागून असलेली माती, हा शब्द लोरेन्झ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये आणला. मुळातून साखर, सेंद्रिय आम्लं, अमिनो आम्लं असं बरंच काही झिरपत असतं आणि त्या खाऊसाठी बॅक्टेरिया मुळाला चिकटून गर्दी करतात. ही गर्दी असते मुळापासून फार तर काही मिलिमीटर. आणि आमची मुलं काय करतात, खोडाच्या बाजूला खुरपं घालून वीतभर खड्डा खणतात, ओंजळभर माती पिशवीत भरतात आणि वर लिहितात 'रायझोस्फिअर'. मग रिझल्टमध्ये मुळाची माती आणि मोकळी माती सेम टू सेम येते आणि थिसिसमध्ये वाक्य जातं की वृक्षारोपणाचा जिवाणूंवर परिणाम दिसला नाही. कसा दिसेल, दोन्ही पिशव्यांत एकच माती आहे.

बारीक मुळं शोधा, पेन्सिलीएवढी जाड नकोत, दोऱ्यासारखी हवीत. मूळ उचलून हलकेच झटका, खाली पडेल ती मोकळी माती, तीही वेगळी जपून ठेवा. जी चिकटून राहते ती आपली. ती निर्जंतुक ब्रशने काढा नाहीतर मुळंच ट्यूबमध्ये ०.८५ टक्के सलाइनमध्ये टाकून हलवा, मुळं बाहेर काढा आणि उरलेलं गढूळ पाणी सेंट्रिफ्यूजला, म्हणजे गरगर फिरवून गाळ खाली बसवणाऱ्या यंत्राला लावा. खाली बसतो तो गाळ म्हणजे रायझोस्फिअर, आणि तो इतकासा असतो की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं काहीतरी चुकलं.

खाणीच्या मातीत आणखी एक त्रास म्हणजे तिला चिकटपणाच नसतो. नुसती खडी आणि भुगा, मे महिन्यात मूळ उपटलं की सगळं गळून जातं आणि हातात कोरडं मूळ राहतं. आणि मे महिन्यात चंद्रपूरला पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा तुम्हीही गळून जाल. दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर जा, पण धो धो पडून गेल्यावर दुसऱ्याच दिवशी नको.

तुलनेसाठी काय घेतलं याकडे तर कोणाचं लक्षच नसतं. दहा वर्षं जुन्या डम्पवरच्या झाडाची माती आणि कालपरवा टाकलेल्या डम्पची उघडी माती, अशी तुलना केली तर फरक झाडामुळे पडला की दहा वर्षांच्या ऊन-पावसामुळे ते कसं सांगणार? त्याच वयाच्या डम्पवरची झाड नसलेली जागा हवी आणि जवळच्या न खोदलेल्या जंगलातली माती हवी. आणि एकाच डम्पवरून दहा पिशव्या आणल्या म्हणजे दहा रेप्लिकेट, म्हणजे दहा स्वतंत्र नमुने झाले असं नसतं, तो एकच डम्प दहा वेळा मोजला, वेगवेगळे तीन-चार डम्प मिळाले तर बघा. नाहीच मिळाले तर तसं लिहून टाका, परीक्षकाने पकडण्यापेक्षा बरं.

पिशवीबद्दल. चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहा, चिठ्ठी वेगळ्या छोट्या पिशवीत, ती मोठ्या पिशवीत. पर्मनंट मार्करवर भरवसा ठेवू नका, ७० टक्के अल्कोहोलचा एक हात फिरला की तो पण जातो. बर्फ नको, आइसपॅक घ्या. प्लेटिंगची, म्हणजे प्लेटवर बॅक्टेरिया वाढवून बघायची माती ४ डिग्रीला ठेवून एक-दोन दिवसांत लावायची, डीएनएची माती वेगळ्या ट्यूबमध्ये जागेवरच भरायची आणि लॅबमध्ये आल्या आल्या डीप फ्रीजरला. फ्रीजरमधली माती काढून प्लेटिंग करायचं हे कृपया नको.

खाण म्हणजे आंबट माती, हा समज

एकाने सगळं मीडिया, म्हणजे प्लेटमध्ये बॅक्टेरियाला द्यायचं खाणं, आधीच पीएच ४ ला बनवून ठेवलं होतं, कारण वाचलं होतं की खाणीची माती आम्लधर्मी असते. प्लेटवर जवळपास काहीच आलं नाही. शेवटी मातीचा पीएच मोजला तर ७.६.

माती आम्ल होते ती पायराइट या लोखंड-गंधकाच्या खनिजामुळे. हवा-पाणी लागलं की पायराइटचं सल्फ्युरिक आम्ल होतं आणि अॅसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्ससारखे बॅक्टेरिया ते काम खूप फास्ट करतात. मेघालयच्या कोळशात गंधक भरपूर, तिथे खाणीचं पाणी नद्या खराब करतं ते यामुळेच. आपल्या विदर्भातला कोळसा गोंडवाना नावाच्या जुन्या खडकथरांतला, त्यात गंधक कमी. आणि मुंबईच्या आसपासच्या दगडखाणी म्हणजे काळा बसाल्ट, त्यात आम्ल येणार कुठून. तेव्हा आधी मोजा, एक भाग माती अडीच भाग पाणी, आणि मीटर त्याच दिवशी बफरने कॅलिब्रेट केलेला हवा, मागच्या सेमिस्टरला केला होता हे चालत नाही.

याच्याच जोडीची गंमत सेंद्रिय कर्बाची. कोळशाच्या डम्पच्या मातीत कर्ब मस्त आला म्हणून एक मुलगी खूश होती, माती सुधारली म्हणे. कर्ब मोजायच्या वॉकली-ब्लॅक पद्धतीत कोळशाचा भुगाही थोडाफार जळतो आणि कर्ब म्हणून मोजला जातो! कोट्यवधी वर्षांपूर्वीचा कर्ब तो, बॅक्टेरियाच्या काय कामाचा. बाजूच्या उघड्या डम्पचा कर्ब पण मोजा आणि मग फरकाबद्दल बोला.

२ मिलिमीटरची चाळणी लावाच आणि वर राहिलेल्या दगडांचं वजन लिहून ठेवा, डम्पच्या मातीत कधी कधी अर्ध्याहून जास्त वजन दगडांचंच असतं. दोन सॅम्पलच्या मध्ये चाळणी अल्कोहोलने पुसा.

प्लेटवर काही येत नाही, किंवा नको तेच येतं

न्यूट्रिअंट आगर (भरपूर खाऊ असलेलं नेहमीचं मीडिया), ३७ डिग्री, दुसऱ्या दिवशी मोजणी. ही पॅथॉलॉजी लॅबची सवय झाली. मातीतले बरेच बॅक्टेरिया सावकाश वाढणारे, डम्पवरचे तर उपासाला सरावलेले, त्यांच्यासमोर एकदम बिर्याणी ठेवली तर चटकन वाढणारे बॅसिलस सगळी प्लेट व्यापतात आणि बाकीचे दिसतच नाहीत. आर-टू-ए हे कमी खाऊचं मीडिया वापरा किंवा न्यूट्रिअंट आगर दहापट पातळ करा, २८ ते ३० डिग्रीला आठवडाभर तरी ठेवा. बुरशी फार येत असेल तर मीडियात सायक्लोहेक्झिमाइड हे बुरशी रोखणारं औषध, हातमोजे घालून, विषारी आहे ते. आणि मुंबईचा जुलै असेल तर ओतलेल्या प्लेट आधी नीट सुकवा आणि उलट्या ठेवा, नाहीतर झाकणाचं पाणी टपकून कॉलन्या एकमेकींत वाहून जातात आणि मग मोजा काय मोजायचं ते.

३० ते ३०० कॉलन्यांचीच प्लेट मोजा. आणि आकडा कोरड्या मातीवर द्या, थोडी माती १०५ डिग्रीला रात्रभर ठेवून पाणी किती गेलं ते बघा. ओल ओल्या मातीच्या वजनाच्या २५ टक्के असेल तर ओल्या मातीतले ग्रॅममागे ३० लाख म्हणजे कोरड्या मातीतले ४० लाख. पावसाळ्याआधीचं आणि नंतरचं सॅम्पल शेजारी ठेवायचं असेल तर एवढ्या फरकाने निष्कर्ष उलटा होतो.

फॉस्फेट विरघळवणारे बॅक्टेरिया शोधायच्या पिकोव्स्काया आगरवर कॉलनीभोवती पारदर्शक रिंग दिसली की 'सापडला' म्हणून सेल्फी येतो. त्या मीडियात ट्रायकॅल्शियम फॉस्फेट असतं, ते थोड्याशा आम्लाने विरघळतं. तुमच्या डम्पवर फॉस्फेट लोखंडाला किंवा अॅल्युमिनियमला घट्ट धरून बसलं असेल तर तो हिरो तिथे काहीच करणार नाही. कुंडीत त्याच मातीत रोप लावून बघेपर्यंत रिंग ही फक्त रिंग.

पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती काढायची पद्धत) बँड, म्हणजे जेलवर डीएनएची रेघ, नाही आला की सगळे डीएनए काढायच्या किटला शिव्या घालतात. आधी डीएनए दहापट पातळ करून परत लावा. मातीतले कुजून झालेले ह्युमिक पदार्थ डीएनएबरोबर येतात आणि एन्झाइमला अडवतात, डीएनए किती स्वच्छ ते सांगणारा २६०/२३० चा रेशो खूप खाली असेल तर बहुतेक तेच, थोडं बीएसए नावाचं प्रोटीन टाकून पण काम होतं. माती न घालता नुसतं किट चालवून एक ब्लँक ठेवा, कमी जिवाणू असलेल्या मातीत किटमधलेच बॅक्टेरिया तुमचा शोध म्हणून निघतात. आणि १६ एस सिक्वेन्सिंगमध्ये (एक जीन वाचून कोणते बॅक्टेरिया आहेत ते ओळखतात ते) सायनोबॅक्टेरियासारखं ढीगभर काही दिसलं तर हुरळू नका, झाडाच्याच, मुळाच्या पेशींमधल्या प्लास्टिड नावाच्या भागाचा डीएनए असेल, तो आधी गाळा.

कल्चर टाकलं पण झाडं तशीच

ज्यांना प्रत्यक्ष लावायचंय त्यांच्यासाठी हे. नुसतं जिवाणू खत, म्हणजे पाकिटातलं कल्चर, ओतून उजाड डम्प हिरवा होत नाही, तिथे त्यांना खायलाच काही नसतं. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर काम केलं तेव्हा जिवाणू आणि मायकोरायझा या मुळांना मदत करणाऱ्या बुरशीबरोबर साखर कारखान्यातलं प्रेसमड, म्हणजे उसाच्या रसातला गाळही घातलं होतं. पाकिटाची एक्सपायरी बघा, पाकीट उन्हात ठेवू नका, कल्चर गुळाच्या पाण्यात कालवून बियाला चोळलं की बी सावलीतच वाळवा, आणि त्याच बियाला बुरशीनाशक चोळून वर कल्चर हा प्रकार तर नकोच. युरिया पण जास्त नको, नायट्रोजन आयता मिळाला की झाड मुळावर गाठी करायचं सोडून देतं, म्हणजे ज्यांत नायट्रोजन पकडणारे रायझोबियम बॅक्टेरिया राहतात त्या गाठी.

गाठींवरून आठवलं. शेंगा लागतात म्हणजे मुळाला गाठी असणारच असं नाही. बहावा, गुलमोहर, चिंच ही शेंगांचीच झाडं पण त्यांच्या मुळांवर रायझोबियमच्या गाठी शोधत बसलात तर दिवस जाईल. करंज, खैर, शिसव, गिरिपुष्प यांना येतात. सुरूलाही येतात पण तिथे राहणारा फ्रँकिया हा वेगळाच बॅक्टेरिया, तो रायझोबियम नाही, म्हणजे रायझोबियमचं पाकीट सुरूला घालून उपयोग शून्य.

फुगवटा दिसला तर नखाने ढकला. गाठ बाजूला चिकटलेली असते, सहज सुटते. सुटत नसेल आणि मूळच जाड झालं असेल तर ते सूत्रकृमी, मुळात शिरणारे बारीक जंत, म्हणजे आनंदाची बातमी नाही. सुटलेली गाठ ब्लेडने कापा, आत गुलाबी असेल तर काम चालू आहे, पांढरी असेल तर अजून सुरू झालेलं नाही किंवा चुकीचा जिवाणू शिरलाय, हिरवट-तपकिरी असेल तर संपलं. फोटो काढायचा तर कापल्या कापल्या काढा, मोबाइल शोधेपर्यंत हवेने गुलाबीचा तपकिरी होतो.