फांदी कापायला दहा मिनिटं, उचलायला अर्धा दिवस: झाडछाटणीच्या धंद्यात या चुका टाळा

सुरुवातीला मी कामाचा दर झाडाकडे बघून ठरवायचो. मान मागे टाकायची, फांद्या मोजायच्या, ‘अर्ध्या दिवसाचं काम’ म्हणायचं आणि आकडा सांगून मोकळं व्हायचं. कापणी खरंच अर्ध्या दिवसात उरकायची. मग लक्षात यायचं की झाड घराच्या मागच्या बाजूला आहे, बाहेर यायला हातभर रुंदीचा बोळ आहे, त्यात नळाचा पाइप आणि कुंड्या आहेत, आणि फांद्यांचा ढीग गाडीत मावेल त्याच्या चौपट झाला आहे. उरलेला दीड दिवस आम्ही फुकट हमाली करायचो. आता पाहणीला गेलो की आधी फाटक, बोळ आणि गाडी उभी करायची जागा बघतो. झाडाकडे सगळ्यात शेवटी बघतो.

पैसे बुडतात ते कचऱ्यात

ओलं लाकूड किती जड असतं याचा अंदाज नवख्याला येत नाही. बऱ्याच झाडांचं ताजं लाकूड वजनाला जवळपास पाण्याइतकंच भरतं. म्हणजे ४० सेंटिमीटर व्यासाचा, एक मीटर लांबीचा ओंडका शंभर ते सव्वाशे किलोचा होतो. तो दोघांनी उचलून बोळातून न्यायचा विचारसुद्धा करू नये. तिथल्या तिथे उचलता येतील एवढेच तुकडे पाडा. कापण्यात चार मिनिटं जास्त जातात, पण पाठ शाबूत राहते.

पानांच्या फांद्यांचं उलटं आहे. वजन नाही, पण जागा फार खातात. ढीग म्हणजे बहुतेक हवाच असते. गाडीत फांद्या फेकत सुटलात तर चार-पाच भाऱ्यांतच गाडी भरल्यासारखी दिसते. सगळे बुडखे एका दिशेला, शेंडे दुसऱ्या दिशेला, आडव्या फाट्यांना एकेक घाव घालून त्या मोडून दाबायच्या, असं रचलं तर तेवढ्याच गाडीत कितीतरी जास्त माल बसतो. कापलेली फांदी जमिनीवर ठेवतानाच बुडखा फाटकाकडे करून ठेवायची सवय लावा. ओढणारा माणूस दुवा देईल.

झाडांचं कुंपण छाटण्याआधी ताडपत्री अंथरणं हा आळशी माणसाचा सगळ्यात मोठा फायदा. बारीक पानं एकदा खडीत किंवा गवतात गेली की झाडूही हरतो आणि ब्लोअरही. छाटणी अगदी सरळ झाली आणि पायवाटेवर पानं राहिली, तर गिऱ्हाईक पानंच लक्षात ठेवतं.

बोलणी करताना तीन गोष्टी लिहून घ्या: काय कापायचं, किती कापायचं, माल कोण नेणार. चौथी गोष्ट विचारायला लाज वाटते, पण ती सगळ्यात महागात पडते: झाड नक्की कोणाचं? हद्दीवरच्या झाडाची फांदी एकाच्या सांगण्यावरून कापली आणि दुसरा शेजारी अंगावर धावून आला, हे माझ्याबाबतीत एकदा झालंय. झाड तोडायला परवानगी लागते का, हेही त्या-त्या जागेच्या नियमाप्रमाणे आधी तपासायचं आणि परवानगीचा कागद स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. ‘काढलीय हो’ एवढ्यावर करवत सुरू करायची नाही.

आणि ते ‘जाता जाता एवढी एक फांदी घ्या’! एक फांदी घेतली की तिच्यामुळे बाजूची विचित्र दिसते, मग तीही. मी आता हसून म्हणतो, ‘घेतो, पण हिशेबात धरतो.’ निम्म्या वेळा त्या फांदीची गरज तिथेच संपते.

चेनसॉ तक्रार करतो, ती ऐका

यंत्र बिघडलं म्हणून काम थांबतं, असं आपण म्हणतो. बहुतेक वेळा यंत्राने आदल्या दिवशीच सांगितलेलं असतं.

चेनसॉतून, म्हणजे साखळीच्या यांत्रिक करवतीतून, ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पडतोय? धार गेली. चालवणारा अशा वेळी जोर लावतो, साखळी जिच्यावरून फिरते ती पट्टी तापते, धूर येतो आणि तो म्हणतो लाकूडच कडक आहे. धारदार साखळी स्वतःहून लाकडात शिरते, तिला दाबावं लागत नाही. दगड, माती किंवा खिळा एकदा लागला तरी धार संपते, म्हणून जमिनीवर पडलेला ओंडका खाली लाकडाचा ठोकळा देऊनच कापायचा.

काप एका बाजूला वळतोय? एका बाजूचे दात दुसऱ्या बाजूपेक्षा लांब किंवा जास्त धारदार आहेत. उजव्या हाताने कानस चालवणाऱ्याची एक बाजू नेहमी चांगली होते. दोन्हीकडे मोजून सारखेच घाव द्या, आणि सगळ्यात छोट्या दाताएवढे बाकीचे दात करा. कानसही साखळीच्या मापाचीच हवी. छोट्या चेनसॉवरच्या लो-प्रोफाइल (बुटक्या) साखळीला साधारण ४ मिलिमीटर, ०.३२५ इंच पिचच्या (कड्यांमधल्या अंतराच्या) साखळीला ४.८ मिलिमीटर. हाताला लागेल ती कानस घासली तर दाताचा आकारच बिघडतो.

धार लावूनही कापत नाही? दातापुढचा उंचवटा बघा. दात घासून खाली येत जातो, उंचवटा तसाच राहतो, मग दात लाकडाला टेकतच नाही. बऱ्याच साखळ्यांना हा फरक ०.६५ मिलिमीटरच्या आसपास लागतो. पण तो हावरटपणे घासूही नका, कारण मग सॉ झटके मारतो.

सुरूच होत नाही? आधी इंधन जुनं आहे का ते बघा. टू-स्ट्रोक इंजिनासाठी तेल मिसळून ठेवलेलं पेट्रोल महिनाभरात वापरून टाकावं. इथेनॉल असलेलं पेट्रोल हवेतली ओल धरतं आणि कार्बुरेटरमधले रबराचे पडदे कडक करतं. ५० ला १ या प्रमाणात लिटरला २० मिलिलिटर तेल पडतं, २५ ला १ असेल तर ४०. प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत बघायचं, शेजारच्या कारागिराला विचारून नाही. चोक ओढून दहा वेळा दोरी ओढली असेल तर इंजिनात पेट्रोल भरलंय, प्लग काढून पुसा, चोक बंद करा, मग ओढा.

ॲक्सिलरेटर सोडल्यावरही साखळी फिरतेय? तिथल्या तिथे थांबा. आयडलचा, म्हणजे इंजिनाचा मंद वेग ठरवणारा, स्क्रू जास्त फिरवलाय किंवा क्लचची स्प्रिंग गेलीय. ‘चालतंय तोवर चालू दे’ हे वाक्य इथे म्हणायचं नाही.

अजून एक, फारसं कोणी सांगत नाही. तापलेली साखळी सैल पडते म्हणून आपण ताणतो. काम संपल्यावर ती तशीच ठेवली की थंड होताना आक्रसते आणि पट्टीवर व शाफ्टवर ताण येतो. घरी जाताना सैल करून ठेवा.

बुंध्यालगत सपाट काप, आणि वर रंग

ही चूक ‘स्वच्छ काम’ म्हणून केली जाते, म्हणून ती जात नाही. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे फुगीर वळी असते. अमेरिकेच्या वनखात्यातले संशोधक ॲलेक्स शायगो यांनी चेनसॉने हजारो झाडं उभी चिरून आत कूज कशी पसरते ते पाहिलं आणि १९७७ मध्ये ते मांडलं. झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती भिंती उभ्या करतं आणि तो भाग आत कोंडतं. त्या भिंतीची तयारी वळीत असते. सपाट कापलं की वळीच गेली. आणि दोन इंच खुंट ठेवला तर तो वाळून कुजतो, कडेने साल त्याच्यावर चढूच शकत नाही. काप वळीच्या अगदी बाहेर, वळीला धक्का न लावता.

कापावर रंग, डांबर, शेण, काहीही लावून कूज थांबते हाही गैरसमजच. शायगोंनी तोही तपासला होता. गिऱ्हाईक हटकून सांगतं, ‘रंग लावा हो, बरं दिसतं.’ मी समजावतो. कधी ऐकतात, कधी नाही.

जाड फांदी एका कापात काढू नका. ती खाली पडताना खोडाची साल फाडत जाते, आणि ती फाटलेली पट्टी झाडाला आयुष्यभर भोवते. आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून पाव ते तिसरा हिस्सा काप, मग थोडं पुढे वरून आरपार, मग हलका झालेला खुंट वळीशी. तीन काप, पण झाड वाचतं.

शेंडे उडवणं तर मी आता करतच नाही. उंची कमी करायला सगळे शेंडे कापले की झाड घाबरल्यासारखं दाट, उभे फुटवे काढतं. ते फक्त सालीजवळच्या थरात रुजलेले असतात, जाड झाले की वाऱ्यात सहज तुटतात. म्हणजे दोन वर्षांत झाड पूर्वीइतकंच उंच आणि आधीपेक्षा धोकादायक. उंची कमी करायचीच असेल तर लांब फांदी मागे तिच्याच एखाद्या जाड उपफांदीपर्यंत न्या. एका हंगामात हिरव्या पसाऱ्याचा पाव भाग हीच वरची मर्यादा धरा, वयस्कर झाडाला त्याहूनही कमी.

कुंपण वर रुंद, खाली उघडं

हेज छाटताना हात आपोआप वर हलका आणि खाली जड पडतो, म्हणून कुंपण हळूहळू पालथं होतं: माथा रुंद, पाय बारीक. माथ्याच्या सावलीने खालची पानं झडतात, मग गिऱ्हाईक म्हणतं की झाडं मरतायत. तळ माथ्यापेक्षा थोडा रुंद ठेवा, सगळ्या उंचीला ऊन लागू द्या. दोन्ही टोकांना खुंट्या मारून सुतळी ताणायला पाच मिनिटं लागतात. डोळ्यांवर विश्वास ठेवून केलेली सरळ रेष दुरून बघा, मग कळेल.

मोरपंखी किंवा सायप्रसच्या कुंपणात हिरव्याच्या आत, तपकिरी काड्यांत कधीही जाऊ नका. तिथून फुटवा येत नाही, खड्डा कायमचा राहतो. गिऱ्हाइकाने ‘रुंदी निम्मी करा’ म्हटलं तर आत हात घालून तपकिरी काडी दाखवा आणि नाही म्हणा. मेंदी, दुरांटा यांचं तसं नाही, त्या खोडापर्यंत कापल्या तरी उगवतात.

कुंपण छाटायच्या यंत्राने, ट्रिमरने, पानांचे टोक चिरडले, दुसऱ्या दिवशी कड तपकिरी झाली, तर पाती बोथट आहेत किंवा दोन पात्यांत फट पडलीय. चिकानं माखलेली पाती पुसून तेल द्या आणि फट आवळा. आणि कापण्याआधी फांद्या बाजूला सारून आत बघा: घरटं असेल तर काम पुढे ढकला. मधमाश्या तर माणसालाच पुढे ढकलतात.

शेर, कण्हेर असं काही असेल तर आधी हातमोजे आणि गॉगल. शेराचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर नजरेवर बेततं. कण्हेरीच्या फांद्या जाळू नका, धूरही विषारी असतो.

शिडी, तारा

शिडीवरून चेनसॉ चालवू नका. इथे मी ‘शक्यतो’ लिहिलेलं नाही. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की सॉ क्षणात उलटा अंगावर येतो, आणि शिडीवर मागे सरकायला जागाच नसते. खांद्यापेक्षा उंच कापायचं असेल तर जमिनीवरून लांब दांड्याची करवत, नाहीतर ज्याच्याकडे दोर, अंगाला बांधायचा साज आणि त्याचं प्रशिक्षण आहे असा चढणारा. फांदी आपटेल त्याच्या दुप्पट जागा दोरीने बंद करा. गिऱ्हाईक चहा घेऊन नेमकं त्याच जागेतून येतं.

विजेच्या तारेजवळ फांदी असेल तर वीज पुरवणाऱ्यांना कळवून लाइन बंद करून घ्या, नाहीतर काम घेऊ नका. ओल्या फांदीतून वीज वाहते, ॲल्युमिनियमच्या शिडीतून तर वाहतेच. अशी कामं मी परत पाठवली आहेत. एकाने सांगितलं की दुसरा माणूस तेच काम निम्म्या दरात करायला तयार आहे. मी म्हटलं, त्याला विचारा, तार बंद करणार का.

बाकी छोट्या चुका आठवतील तेवढ्या. रोगट झाडानंतर पाती ७० टक्के अल्कोहोलने पुसल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका. कामाआधी आणि नंतर त्याच जागेवरून फोटो काढा, ‘ही कुंडी तुम्हीच फोडली’ ला तेवढं उत्तर पुरतं. आणि निघताना हत्यारं मोजा. हिरव्या मुठीची कात्री मी एकदा कुंपणात अडकवून विसरलो. पुढच्या छाटणीला ती सापडली, पण मला नाही, ट्रिमरच्या पात्याला. तेव्हापासून सगळ्या हत्यारांच्या मुठींना नारिंगी टेप आहे.