मीटर म्हणतोय बरोबर, मासा म्हणतोय न्हाई: घरच्या मरीन टँकचा खारटपणा कसा बघायचा

परवा रात्री साडेनऊला आमच्या गल्लीतला एक पोरगा दारात. नवीनच मरीन टँक (समुद्री माशांची खाऱ्या पाण्याची टाकी) लावलाय त्यानं, दहा-बारा दिवस झाले असतील. म्हणाला, दादा मासा कोपऱ्यात धापा टाकायलाय, चला की बघायला. मी विचारलं ग्रॅव्हिटी, म्हणजे खारटपणाचा आकडा, किती आहे, तर म्हणाला टीडीएस पेन (पाण्यात काय किती विरघळलंय ते दाखवणारा) बुडवला पण ते एररच दाखवायलंय. त्याचं काय झालं ते शेवटी सांगतो, पण ह्या पेनवरनंच सुरुवात करूया कारण कोल्हापुरात निम्म्या लोकांची गाडी इथंच अडकते.

टीडीएस पेन गोड्या पाण्यासाठी असतो. साधा पेन ९,९९० ला (दहा लाख भागांत एवढे भाग) थांबतो आणि समुद्राच्या एक किलो पाण्यात मीठ साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे पेनच्या भाषेत ३५,००० झाले, मग तो बिचारा काय दाखवणार. पेन टाकून देऊ नका, आरओचं पाणी तपासायला लागतोच. खाऱ्या पाण्याला दोन आकडे वापरतात, एक पीपीटी, म्हणजे एक किलो पाण्यात किती ग्रॅम मीठ, आणि दुसरा ग्रॅव्हिटी, म्हणजे ते गोड्या पाण्याच्या किती पट जड. समुद्र म्हणजे ३५ पीपीटी, २५ डिग्रीला ग्रॅव्हिटी १.०२६ च्या आसपास. नुसते मासे असतील तर १.०२२ ते १.०२५ मध्ये कुठंही चालतंय, कोरल, अॅनिमोनी, श्रिम्प (कोळंबी) असलं काही असेल तर १.०२५-१.०२६ ला धरा. आणि एकदा धरलं की तिथंच ठेवा, आज १.०२२ उद्या १.०२६ असला झोका माशाला नको.

का नको ते थोडक्यात सांगतो. समुद्री माशाच्या अंगातलं पाणी बाहेरच्या पाण्याच्या जेमतेम एक तृतीयांश खारट असतं, त्यामुळं कल्ल्यांतून त्याचं पाणी सारखं बाहेर ओढलं जातं आणि ते भरून काढायला तो चक्क समुद्र पितो, आणि पोटात गेलेलं जादाचं मीठ परत कल्ल्यांतूनच बाहेर टाकतो. हे चोवीस तास चालू. पाण्यात राहून तहानलेला प्राणी म्हणा. आपण खारटपणा एकदम बदलला की हा सगळा कारखाना त्याला नव्यानं लावावा लागतो.

आता मोजायचं कशानं. स्वस्तातला काटेवाला प्लास्टिकचा हायड्रोमीटर मिळतो, वाईट नाही, पण त्याच्या काट्याला एक जरी बुडबुडा चिकटला तरी काटा वर उचलतो आणि आकडा जास्त दाखवतो, त्यामुळं भरल्यावर टिचकी मारून बुडबुडे घालवायचे. माझं मत विचाराल तर एकदाच काय ते पैसे घालवून रिफ्रॅक्टोमीटर घ्या, म्हणजे थेंबातनं प्रकाश किती वाकतो त्यावरनं खारटपणा दाखवणारी छोटी दुर्बीण.

रिफ्रॅक्टोमीटर वापरताना घाई नको. काचेवर टँकचे दोन-तीन थेंब टाकायचे, झाकण हळूच खाली सोडायचं, आत बुडबुडा दिसला तर पुसून परत. मग अर्धा मिनिट थांबायचं, म्हणजे थेंबाचं आणि काचेचं तापमान एक होतं. मग खिडकीकडं तोंड करून डोळा लावायचा, वर निळं खाली पांढरं आणि मधे रेघ, ती जिथं येते तो आकडा. टँकच्या निळ्या लाईटखाली बघू नका, रेघ पसरट दिसते आणि मग माणूस आपल्याला पाहिजे तो आकडा वाचतो. झाल्यावर आरओच्या पाण्यानं धुऊन मऊ फडक्यानं पुसायचं, नाहीतर मिठाची खपली धरते.

आणि कॅलिब्रेशन, म्हणजे मीटर खरं बोलतोय का ते तपासून लावणं. इथं मी स्वतः हाताला चटका लावून घेतलाय म्हणून जरा लांबड लावतो. माझा टँक म्हणजे खरं पाणी १०० लिटर, दोन क्लाऊन मासे, एक क्लीनर श्रिम्प. वर्षभर मीटर १.०२५ दाखवत होता, मासे खात होते, मी खूश. एक दिवस नवीन डॅमसेल मासा आणला, पिशवी तरंगवली, वीस मिनिटांत सोडला. तासाभरात आडवा. दुसरा आणला, तोबी गेला. दुकानदाराला मनात चार शिव्या हासडल्या. मग कधीतरी ३५ पीपीटीचं कॅलिब्रेशन लिक्विड आणून थेंब टाकला तर मीटर दाखवतोय तीस सुद्धा नाही! म्हणजे माझा १.०२५ खरा १.०३० च्या घरात होता. जुने मासे महिन्यामहिन्यानं हळूहळू चढलेल्या मिठाला सवकले होते, त्यांनी तक्रारच केली नाही. नवीन मासा मात्र दुकानातल्या कमी खारट पाण्यातनं आलेला, बरेच दुकानदार मीठ वाचवायला आणि परजीवी कमी राहावेत म्हणून १.०२० च्या आसपासच ठेवतात, तो एका उडीत १.०३० मध्ये. चूक दुकानदाराची नव्हतीच.

तेव्हापासून महिन्यातून एकदा ३५ च्या लिक्विडनं तपासतो, नुसत्या आरओ पाण्यानं शून्य लावून समाधान मानत नाही, कारण शून्याला बरोबर असलेला मीटर ३५ ला चुकू शकतो. लिक्विड मिळालं नाही तर घरी करा: ३६.५ ग्रॅम साधं मीठ आणि ९६३.५ ग्रॅम आरओ पाणी, ह्याची रेघ ३५ वर यायला पाहिजे. मीठ ३५ ग्रॅम नाही, ३६.५ च, कारण साधं मीठ आणि समुद्राचं मीठ प्रकाश वेगवेगळा वाकवतात. वजनकाटा मात्र चांगला पाहिजे, भाजीवाल्याचा नको, गुजरीत कोण सराफ ओळखीचा असेल तर उत्तम. आणि नवीन मासा सोडताना आधी पिशवीतलं पाणी मोजा, मग टँकचं पाणी त्यात थेंब थेंब मिसळा.

आता मीठ वर का जातं. पाणी उडतं, मीठ उडत नाही, बास एवढंच. १०० लिटरमधलं पाच लिटर उडालं तर ३५ चा आकडा ३६.८ होतो. म्हणून रोजची भर ही गोड्या आरओ पाण्याचीच घालायची, खाऱ्या पाण्याची नाही. मी एकदा जोतिबाच्या यात्रेला दोन दिवस गेलो तर धाकट्या भावानं प्रेमानं खाऱ्या पाण्याचा अख्खा जार ओतून ठेवलेला. तेव्हापासून जारवर मार्करनं गोडं आणि खारं असं मोठ्या अक्षरात लिहिलंय. काचेवर पाण्याच्या पातळीला चिकटपट्टी लावा, संप (फिल्टरची वेगळी टाकी) असेल तर रिटर्न पंपाच्या, म्हणजे पाणी परत टँकमध्ये चढवणाऱ्या पंपाच्या कप्प्यात लावा कारण पातळी तिथंच उतरते. रोज पट्टीपर्यंत भरायचं. रोज ठरलेले तांबे मोजून भरू नका, कारण आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पाणी धडाधड उडतं आणि जुलैत भिंती घामेजलेल्या असतात तेव्हा काही उडतच नाही. उन्हाळ्यात टँक तिशीच्या वर जायला लागला की आपण वरनं पंखा लावतो, पाणी दोन-तीन डिग्री गार होतं, पण ते गार होतं उडण्यामुळंच, म्हणजे पंख्याच्या दिवसांत मीठ रोज बघायचं. एरवी आठवड्यातनं दोनदा पुरे.

मीठ खाली पण जातं, हे लोकांच्या ध्यानात येत नाही. स्किमरचा (फेसातनं घाण बाहेर काढणारं यंत्र) कप ओतता ते खारं पाणी, झाकणावर पांढरी खपली धरते ते मीठ, आणि भर घालता गोड्याची. महिन्या-दोन महिन्यांत आकडा घसरलेला दिसतो. घरच्या आरओचं पण एक हाय, पिण्याच्या आरओमध्ये बऱ्याचदा चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी परत मिसळायची सोय असते, ती बंद करून घ्या आणि तिथं तो टीडीएस पेन वापरा, दहाच्या आत यायला पाहिजे.

दुरुस्तीचा हिशोब: टँकचं पाणी गुणिले जादाचे पीपीटी भागिले आताचे पीपीटी, तेवढे लिटर खारं काढून तेवढंच आरओ घालायचं. माझं ३९ होतं, पाहिजे ३५, म्हणजे १०० गुणिले ४ भागिले ३९, दहा लिटर. ते मी रोज दोन लिटर असं पाच दिवसांत केलं. मीठ वाढवताना तर अजून सबुरीनं, माशाला चढ जास्त जड जातो. रोज जेवढं उडतं तेवढीच भर ३५ च्या खाऱ्या पाण्यानं घालायची, १०० लिटरला रोज एक लिटर घातलं तर रोज साधारण ०.३५ पीपीटी चढतं, तीन पीपीटी चढवायला आठ-नऊ दिवस. आमची आज्जी म्हणायची, अळणी झालंय तर टाक की मूठभर खडेमीठ, रश्शाला टाकतोस तसं. आज्जी, रश्शात मासा जिता नसतो. खडेमीठ म्हणजे नुसतं सोडियम क्लोराईड, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम समुद्राच्या हिशोबात नसतं. मरीन सॉल्टच पाहिजे आणि तेबी बादलीत, पाण्यात मीठ टाकून, पंप लावून रात्रभर फिरवून मगच. काही जण आंबा घाट उतरून रत्नागिरीहून पाणी आणतात, चालतंय, पण खाडीच्या तोंडाजवळचं नको आणि पावसाळ्यातलं तर अजिबात नको, गढूळ आणि पातळ असतं. आणलं तरी मोजा.

आता मासा. मासा मीठ कमी-जास्त झालं म्हणून पाटी धरून उभा राहत नाही. धापा तर अमोनियानं पण लागतात, ऑक्सिजन कमी पडला तरी लागतात, कल्ल्यात किडे झाले तरी लागतात. म्हणून आपला मासा बरा असताना कसा असतो ते आधी पाठ करा. सकाळी लाईट लावायच्या आधी दोन मिनिटं खुर्ची टाकून बसा. कल्ल्यांची उघडझाप पंधरा सेकंद मोजा आणि चारनं गुणा, माझी आक्का, म्हणजे मोठी क्लाऊन, जोडीतली मोठी ती मादीच असते, शांत असताना मिनिटाला सत्तर-ऐंशी करते. तिचे शंभराच्या वर गेले की मी चहा बाजूला ठेवतो. क्लाऊन रात्री तिरका होऊन वरच्या कोपऱ्यात लोंबकळतो, ते झोपणं आहे, घाबरून फोन करू नका. पण तोच मासा दिवसा वर तोंड काढून हवा गिळायला लागला तर आधी पंप फिरतोय का ते बघा. दगडाला अंग घासतोय, अंगावर मिठाचे दाणे टाकल्यासारखे ठिपके, तर इच, हा परजीवीचा रोग. बारीक पिठासारखा थर, उजेडापासून पळतोय, पंपाच्या धारेत तोंड करून उभा, श्वास जोरात, तर व्हेल्वेट, हा दुसरा परजीवीचा रोग, तिथं एक दिवस पण थांबायचं नाही. मीठ एकदम बदललं तर सगळ्यात आधी श्रिम्प आणि शंख-गोगलगायी ढेपाळतात, मासा नंतर. सगळेच एकदम बिघडले तर पाणी, एकटाच बिघडला तर तो मासा किंवा त्याला मारणारा शेजारी, हा माझा ठोकताळा, आणि बऱ्यापैकी जमतो.

तपासायचा क्रम माझा ठरलाय: पंप, तापमान, मीठ, अमोनिया. आणि २०१९ च्या महापुरात नळाला पाणी नव्हतं, लाईट नव्हती, तेव्हापासून पावसाळ्याच्या तोंडाला आरओचे दोन जार, ३५ चं तयार खारं पाणी दोन जार आणि बॅटरीवरचा एअर पंप एवढं कॉटखाली असतंच.

तर त्या पोराच्या घरी गेलो. पंप चालू, तापमान २७, माझा मीटर लावला तर १.०२५, एकदम करेक्ट. पोरगं म्हणालं मग सगळं बरोबर आहे की. मी म्हणालो माशाला विचार. अमोनियाची टेस्ट केली, नळीतलं पाणी पिवळं राहायला पाहिजे होतं ते गर्द हिरवं झालं. टँक दहा दिवसांचा, त्यात चार मासे आणि दिवसाला तीन वेळा खाणं. कॉटखालचे दोन्ही खारे जार उचलून आणले, मोजले, त्याच्या टँकच्या तापमानाला येऊ दिले आणि ऐंशीतलं चाळीस लिटर बदललं. साडेबारा वाजले. जाताना त्याला एक जुनी वही दिली आणि दोन दिवस खाणं बंद म्हणून सांगितलं. आज त्याचा मेसेज आला, १.०२५, तापमान २७, श्वास ८४, आणि खाली, माझे जार कधी परत पाहिजेत म्हणून विचारलंय.