घाबरणाऱ्या कुत्र्याला नैसर्गिक उपायांनी शांत कसं करावं

ढग गडगडायला लागले की आमचा बंड्या बाथरूममध्ये शिरून कमोडमागच्या सांदीत अंग चोरून बसायचा. मी त्याला ओढून बाहेर काढायचो, मऊ गादीवर आणून बसवायचो. पाठ वळली की स्वारी परत कमोडमागे. दोन वर्षं आमचा हा खेळ चालला. एकदा कंटाळून मीही तिथेच फरशीवर फतकल मारली आणि मग डोक्यात उजेड पडला. घरात खिडकी नसलेली ती एकच खोली होती. तिथे वीज दिसत नव्हती, आवाज दबून येत होता आणि तीन बाजूंनी अंगाला भिंत लागत होती. गड्यानं सगळ्या घरातली नेमकी जागा शोधली होती आणि मी त्याला रोज तिथून उपटून काढत होतो.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. आधी कुत्रा काय करतोय ते बघायचं, उपाय नंतर.

पायरी १ : भीती लवकर ओळखा

थरथर, भुंकणं, दार ओरबाडणं ही शेवटची लक्षणं. त्याच्या बरंच आधी कुत्रा बारीक खुणांनी सांगत असतो. समोर खायला काही नसताना जिभेनं ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभया देणं, तोंड फिरवून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघणं आणि त्या वेळी डोळ्याच्या पांढऱ्या भागाची चंद्रकोर दिसणं. कान मागे जातात, शेपूट पायांत जाते, उकाडा नसताना धाप लागते, एरवी झडप घालून खाल्ला असता तो खाऊ तोंडापुढे धरला तरी घेत नाही. पंजांचे ओले ठसे फरशीवर उमटले तर तीही खूण समजा, कुत्र्याला तळव्यांतून घाम येतो.

तो गाढ झोपलेला असताना एकदा श्वास मोजून ठेवा. आरामात असलेला निरोगी कुत्रा मिनिटाला साधारण १० ते ३० वेळा श्वास घेतो. आपल्या कुत्र्याचा नेहमीचा आकडा माहीत असला की बिघडलेला लगेच कळतो.

पायरी २ : आधी डॉक्टर

ही पायरी लोक हमखास गाळतात. आयुष्यभर आवाजाला न घाबरलेला कुत्रा सात-आठ वर्षांचा झाल्यावर अचानक दचकायला लागला, तर दुखण्याची शंका आधी घ्या. सांधा किंवा पाठ दुखत असेल तर दचकताना अंग आखडतं, कळ येते, आणि कुत्रा ती कळ आवाजाच्या खात्यावर मांडतो. म्हातारपणी कमी दिसणं, कमी ऐकू येणं, रात्री भ्रमल्यासारखं घरभर फिरणं यांवरही खाऊ आणि संगीत चालत नाही. तपासणी झाली की पुढचं सगळं सोपं जातं.

पायरी ३ : त्यानं निवडलेली जागा आणखी चांगली करा

लपायला कुठे जातो ते बघा आणि तिथेच सोय करा. पलंगाखाली जात असेल तर पलंगाखाली अंथरूण. बंड्यासाठी मी बाथरूमची फरशी कोरडी केली, जुनी चादर अंथरली आणि माझा न धुतलेला टी-शर्ट टाकला. दिवा लावून ठेवला, म्हणजे दाराच्या फटीतून येणारा विजेचा लखलखाट एकदम डोळ्यांत जात नाही. दार मात्र कधी लावलं नाही. जागा आवडती असली तरी कोंडल्यावर तिचा तुरुंग होतो. घाबरलेल्या कुत्र्याला पिंजऱ्यात बंद केलं तर तो बाहेर पडण्याच्या धडपडीत दात आणि नखं मोडून घेऊ शकतो.

कुत्र्याला आपल्यापेक्षा खूप वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येतात. माणसाची मर्यादा २०,००० हर्ट्झ, कुत्र्याची ४०,००० च्याही पुढे. त्यामुळे आपल्याला घर शांत वाटत असताना एखादा चार्जर किंवा जुना टीव्ही त्याच्या कानाशी किणकिणत असू शकतो. त्या कोपऱ्यातली असली यंत्रं बंद करून बघा.

पायरी ४ : ऐन भीतीच्या वेळी

‘घाबरल्यावर लाड केले तर भीती वाढते’ हे तुम्हालाही कुणीतरी सांगितलं असेल. सोडून द्या. भीती ही भावना आहे, बक्षीस मिळतं म्हणून कुणी जास्त घाबरत नाही. तो जवळ आला तर बसू द्या. ओरडू नका, ‘काही नाही रे, काही नाही रे’ असं चिरक्या आवाजात घोकूही नका, त्यानं आपलीच धांदल त्याच्यापर्यंत पोचते. हळू बोला, हळू हला.

हात लावायचा असेल तर डोक्यावर थापट्या नकोत. छातीवर, खांद्यावर, कानाच्या मुळापासून टोकाकडे सावकाश, लांब हात फिरवा. तीन-चार सेकंदांनी थांबा, हात मागे घ्या. तो टेकला किंवा नाकानं हात ढोसला तर पुढे चालू. मान वळवली, ओठ चाटले तर आज त्याला स्पर्श नकोय. बंड्याला गडगडाटात हात लावलेला आवडायचा नाही, पण माझ्या पायाला पाठ लावून बसायला आवडायचं. मग मीही मुकाट्यानं पाय तिथेच ठेवून बसायचो, मुंग्या येईपर्यंत.

खात असेल तर चाटण्याचं किंवा चघळण्याचं काहीतरी द्या. खाचांच्या रबरी मॅटवर मऊ अन्न पसरून दिलं तर कुत्रा चाटत राहतो आणि त्या संथ कामात अंग सैल पडतं. पीनट बटर वापरणार असाल तर डब्यावरचा मजकूर वाचा. त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असेल तर ते कुत्र्याला विषारी आहे. चॉकलेट आणि मनुकेही नकोत.

दचकण्याचा प्रसंग संपला तरी शरीर लगेच ताळ्यावर येत नाही. उरलेला दिवस पाहुणे, आंघोळ, नखं कापणं असलं काही काढू नका.

पायरी ५ : रोजच्या दिवसात नाकाला काम द्या

माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय हाच. आपण कुत्र्याला फिरवतो म्हणजे घाईघाईत चालवतो. लीश लांब सोडा आणि वीस मिनिटं त्याला हवं तिथे, हवं तितका वेळ हुंगू द्या. एका झुडपापाशी चार मिनिटं गेली तरी चालेल. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन आठवडे रोज वासाचा खेळ खेळलेले पाळीव कुत्रे, संदिग्ध प्रसंगात ‘इथे काहीतरी चांगलं असेल’ अशा आशेनं पुढे जाताना दिसले.

बाहेर जाणं जमत नसेल तर रोजच्या जेवणातला मूठभर भाग जुन्या टॉवेलात गुंडाळा, सैल गाठ मारा आणि शोधायला द्या. तो टॉवेल आधी नाकानं उचकटतो, मग पंजानं दाबून धरतो, मध्येच नाक खुपसून जोरात फुसकारतो. काम संपल्यावर बहुतेक वेळा लांब उसासा टाकून आडवा होतो.

खाणं, फिरणं, झोप यांच्या वेळा ठरलेल्या ठेवा. पुढे काय होणार हे ज्याला माहीत असतं, तो दर आवाजाला उठून बसत नाही.

पायरी ६ : आवाजाची ओळख करून द्या

हे काम शांत दिवसांतच करायचं. वादळ डोक्यावर आल्यावर शिकवणी लागत नाही.

ज्या आवाजाला तो घाबरतो त्याचं रेकॉर्डिंग इतक्या हळू लावा की कान फक्त किंचित हलावा. आवाज आला की सेकंदभरात त्याचा सगळ्यात लाडका खाऊ. क्रम महत्त्वाचा आहे, आधी आवाज आणि मग खाऊ. उलटं झालं तर खाऊ दिसला की ‘आता आवाज येणार’ म्हणून तो खाऊलाच घाबरायला शिकेल. पाच मिनिटांत थांबा. आवाज दोन-चार दिवसांनी, अगदी थोडा वाढवा. खाऊ घेईनासा झाला तर तुम्ही पुढे धावलात, मागच्या पातळीवर या.

फटाके, कुकरची शिट्टी, दाराची बेल यांवर ही युक्ती छान चालते. गडगडाटावर कमी. फोनच्या छोट्या स्पीकरमधून त्याची खोल घरघर नीट निघत नाही, आणि खऱ्या वादळाबरोबर वारा, वास, उजेड असं बरंच काही येतं.

पायरी ७ : एकटं राहायला शिकवणं

तुम्ही किल्ल्या उचलल्या की याचं रडगाणं सुरू होत असेल, तर दिवसातून दहा वेळा किल्ल्या उचला आणि सोफ्यावर जाऊन बसा. त्या आवाजाचा अर्थ पुसला जाईपर्यंत. मग दाराबाहेर पाच सेकंद. मग पंधरा. मग परत आठ, कारण दर वेळी वाढतच गेलं तर तेही त्याच्या लक्षात येतं. कुत्रा अस्वस्थ व्हायच्या आत परत यायचं, म्हणून जुना फोन कॅमेऱ्यासारखा लावून ठेवा. शिकवणी चालू असताना त्याला झेपेल त्याहून जास्त वेळ शक्यतो एकटं सोडू नका, नाहीतर आठवड्याची मेहनत एका दुपारी वाहून जाते. सोबतीला दुसरा कुत्रा आणण्याआधी दहादा विचार करा. याला बहुधा माणूस हवा असतो, कुत्रा नाही.

बाजारातले उपाय

संगीत लावून बघण्यात तोटा नाही. २००२ मध्ये संशोधक डेबोरा वेल्स यांनी निवारा केंद्रातल्या कुत्र्यांवर केलेल्या अभ्यासात शास्त्रीय पाश्चात्त्य संगीत चालू असताना कुत्रे जास्त वेळ निवांत पडून राहिले, हेवी मेटल लागल्यावर जास्त भुंकले. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांना २०१५ मध्ये दिसलं की रोज तेच लावलं तर परिणाम ओसरतो, आणि २०१७ मध्ये दिसलं की सॉफ्ट रॉक, रेगे यांवरही कुत्रे शांत होतात. साध्या, सुखाच्या वेळीही ते लावत जा. फक्त घराबाहेर पडताना लावलंत तर गाणं म्हणजे ‘चालले हे’ असा अर्थ तो लावेल.

अंगाला घट्ट बसणारे जॅकेट काहींना लागू पडतात, काहींना नाही. आधी शांत वेळी घालून बघा. तो पुतळ्यासारखा थिजला तर ते शांत होणं नव्हे. चपट्या तोंडाच्या जातींना त्यात पटकन उकडतं. पिलं पाजणाऱ्या कुत्रीच्या अंगावरच्या गंधद्रव्याची नक्कल हवेत सोडणारे डिफ्युझर मिळतात, पुरावा संमिश्र असला तरी अपाय नाही. सुगंधी तेलांपासून मात्र मी लांब राहतो. टी ट्री तेल कुत्र्याला विषारी आहे, आणि आपल्याला मंद वाटणारा वास त्याच्या नाकाला भडिमार होऊ शकतो. दुधातल्या प्रथिनापासून किंवा एल-थिअनिनपासून (चहाच्या पानांतला एक घटक) केलेल्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच, आणि माणसांची झोपेची गोळी अर्धीसुद्धा नाही.

घरचे उपाय पुरत नसतील तर

स्वतःला जखमा करून घेणं, दिवसभर न खाणं, चावायला धावणं, वादळ सरल्यावरही तासन्‌तास थरथरणं असं होत असेल तर घरच्या उपायांवर वेळ घालवू नका. प्रसंगाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, कधी आणि कशानं सुरू झालं ते लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. दवाखान्याच्या टेबलावर कुत्रा वेगळाच वागतो, व्हिडिओवरून त्यांना खरं काय ते कळतं. औषध सुचवलं तर एक प्रश्न जरूर विचारा: यानं त्याची भीती कमी होईल, की नुसती गुंगी येईल? हातपाय हलत नाहीत पण आत भीती तशीच, अशी अवस्था कुत्र्यासाठी जास्त वाईट. भीती कमी करणाऱ्या औषधाबरोबर वरची शिकवणी चालू ठेवली की ती लवकर अंगवळणी पडते.

बंड्याला वादळाच्या दिवसांपुरती गोळी लागते. ती घेऊनही तो बाथरूममध्येच जातो, फक्त आता चादरीवर पाय पसरून झोपतो. आणि मला आंघोळ करायची असेल तर थांबावं लागतं.