नव्या कुत्र्याला पहाटे रानवाटेवर कसं न्यावं

कुत्रा दत्तक घेऊन घरी आणला की दुसऱ्याच पहाटे त्याला मोकळ्या रानात न्यावंसं वाटतं. थोडं थांबा. पहिले काही दिवस घर, माणसं आणि दारापुढचा रस्ता एवढंच त्याला पुरेसं नवं असतं. तो नीट जेवू लागला, दोरी दिसताच दाराकडे धावू लागला की मग रान. रेबीज आणि पार्व्हो (कुत्र्यांना होणारा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार) यांच्या लसी झाल्या आहेत ना, हे पशुवैद्यांना विचारून घ्या.

१. आधी हार्नेस, म्हणजे छाती-पाठीभोवती बसणारा पट्टा. घाबरलेला कुत्रा मागे सरकतो आणि मान खाली घालून गळपट्ट्यातून डोकं सोडवून घेतो. म्हणून दोरी अंगातल्या हार्नेसला लावा. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, जास्त नाही. गळपट्टाही असू द्या, त्यावर तुमचा फोन नंबर.

२. भरपेट खायला घालून निघू नका. जेवण परतल्यावर, थोडं थांबून. खिशात खाऊचे बारीक तुकडे. टॉर्च घ्या, अंधुक उजेडात त्याला बरं दिसतं, ठेचकाळता तुम्ही.

३. वाट एकच, छोटी. आठवडाभर तीच वाट, वीसेक मिनिटं. गार, ओलसर हवेत रात्रीचे वास जमिनीलगत रेंगाळतात. एका झुडपापाशी तो पाच मिनिटं हुंगत बसला तर बसू द्या. किती चाललो हा हिशेब तुमचा, त्याचा नाही. शेपटी पायांत गेली, सारखा ओठ चाटू लागला, खाऊही नाकारला तर मुकाट्याने मागे वळा.

४. गुरं दिसली की दोरी आखूड धरून लांबून वळसा घ्या, वासरं असतील तर आणखी लांबून. गाय अंगावर आलीच तर दोरी सोडा. कुत्रा तिच्यापेक्षा चपळ असतो, तुम्ही नसता.

५. हाकेला येईपर्यंत मोकळं सोडू नका. फार तर पाच-दहा मीटरची लांब दोरी, तीही हार्नेसलाच. तरी निसटला तर मागे धावू नका. त्याला तो खेळ वाटतो, नाहीतर धाक. खाली बसा, तोंड थोडं फिरवा, नेहमीच्या आवाजात हाक मारा. आल्यावर रागावलात तर पुढच्या वेळी तो येणार नाही.

६. घरी आल्यावर गोचीड शोधा. कानांत, काखेत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली. सापडल्यास तेल ओतू नका. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा.