इसबगोल घेताय? मग आधी पेलाभर पाणी घ्या

"ताई, इसबगोलाचा डबा द्या," असं कुणी म्हटलं की मी आधी विचारते, कशाबरोबर घेता? पुष्कळदा उत्तर येतं, "चमचाभर तोंडात टाकायचं आणि वर दोन घोट पाणी." साताऱ्यातल्या आमच्या औषधाच्या दुकानात हा डबा बिनचिठ्ठीचा विकला जातो. त्यामुळे तो कसाही घेतला तरी चालतो, असं लोकांना वाटतं. तसं नाही. त्याचं सगळं काम पाण्यावर चालतं.

डब्यात असतो तो प्लँटॅगो ओव्हाटा या झाडाच्या बियांवरच्या पातळ सालीचा भुसा. वजनाने तो बियांच्या साधारण पाव हिस्सा भरतो. पीक रब्बीचं, मुख्यतः उत्तर गुजरात आणि राजस्थानातलं, आणि उंझा ही त्याची मोठी बाजारपेठ. काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस पडला तर बी शेतातच भिजून चिकट होतं आणि माल हातचा जातो. शेतकऱ्याला रडवणारा हा गुणच आपल्या पोटात उपयोगी पडतो.

या सालीत मुख्यतः अरॅबिनोझायलन नावाचा पदार्थ असतो. झायलोज या साखरेची लांबच लांब साखळी आणि तिला अरॅबिनोज व झायलोजच्या फांद्या, अशी त्याची रचना. पाणी मिळालं की या साखळ्या ते धरून ठेवतात आणि घट्ट, बुळबुळीत जेल तयार होतं. चांगल्या प्रतीचा एक ग्रॅम भुसा फुगून 40 मिलीलीटर किंवा त्याहून जास्त जागा व्यापतो. आपल्या पाचकरसांना ही साखळी तोडता येत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणूही तिला फारसं आंबवत नाहीत, म्हणून जेल शेवटपर्यंत टिकतं आणि आहारातल्या इतर काही तंतूंच्या, म्हणजे फायबरच्या मानाने गॅसही कमी होतो. मल कडक असेल तर हे जेल त्याला ओला ठेवतं, पातळ असेल तर त्यातलं जास्तीचं पाणी धरून ठेवतं. बद्धकोष्ठ आणि जुलाब दोन्हींवर एकच औषध कसं, याचं उत्तर इथे आहे. जुलाबात दह्याबरोबर द्यायची आपली जुनी पद्धत चांगलीच आहे, पण अंगातलं गेलेलं पाणी भरून काढायला ओआरएसच लागतं.

आता घ्यायची रीत. पहिले काही दिवस एक लहान चमचा, म्हणजे साधारण 2 ग्रॅम पुरे. मग हळूहळू वाढवत दिवसाला 5 ते 10 ग्रॅमपर्यंत जा, तेही दोन वेळांत विभागून. एकदम मोठ्या चमच्याने सुरुवात केलीत तर पोट फुगेल आणि चार दिवसांत डबा माळ्यावर जाईल. प्रत्येक वेळी निदान 240 मिलीलीटर, म्हणजे मोठा पेलाभर पाणी घ्या. त्यात भुसा ढवळा आणि घट्ट व्हायच्या आत प्या. वर अजून अर्धा पेला पाणी. कोरडा भुसा कधीही तोंडात टाकू नका, तो घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकतो. घेतल्या घेतल्या आडवंही होऊ नका. ज्यांना गिळायला त्रास होतो किंवा ज्यांच्या आतड्यात अडथळा आहे त्यांनी इसबगोल घेऊच नये. घरातल्या अंथरुणावरच्या आजोबांना देण्याआधी डॉक्टरांना विचाराच.

परिणाम दिसायला 12 तासांपासून तीन दिवसांपर्यंत वेळ लागतो. "काल घेतलं, आज काहीच नाही" म्हणून मात्रा दुप्पट करू नका. ज्यांना सकाळीच खात्रीने पोट साफ हवं असतं, ते मग दुसरं चूर्ण उचलतात. त्या डब्यामागची घटकांची यादी वाचा. पुष्कळ चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्याला उत्तेजित करून काम करते, ती इसबगोलासारखी रोज घ्यायची वस्तू नाही. मधुमेह असेल तर इसबगोलाच्या चवीच्या पुड्यांमधली साखरही बघा.

कोलेस्टेरॉलसाठीही इसबगोल खरोखर उपयोगी आहे. जेलमध्ये पित्ताम्लं, म्हणजे यकृताने पचनासाठी बनवलेली पित्तातली आम्लं, अडकून बाहेर जातात, मग नवी बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, 1998 मध्ये हृदयरोगाचा धोका कमी करण्याबाबतचा दावा वेष्टनावर छापायला परवानगी दिली, तीही दिवसाला इसबगोलातले 7 ग्रॅम विद्राव्य (पाण्यात विरघळणारे) तंतू धरून, म्हणजे सुमारे 10 ग्रॅम भुसा. अर्थात डॉक्टरांनी दिलेली गोळी त्यासाठी बंद करायची नाही.

गोळ्यांवरून महत्त्वाचं: हेच जेल औषधांचं शोषणही मंदावतं. म्हणून इतर औषधं आणि इसबगोल यांच्यात निदान दोन तास जाऊ द्या. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेत असाल तर इसबगोल रात्रीच्या जेवणानंतरच बरं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना सांगून सुरू करावं, कारण जेवणानंतरची साखर थोडी उतरते. भुशाची धूळ नाकात जाऊ देऊ नका. ती सतत हाताळणाऱ्या परिचारिका आणि कामगारांमध्ये दम्यासारखी ॲलर्जी झालेली आहे.

आणि शौचातून रक्त पडत असेल, वजन आपोआप उतरत असेल, किंवा पन्नाशीनंतर पोटाची सवय एकाएकी बदलून दोन आठवडे तशीच राहिली असेल, तर माझ्याकडे डबा मागायला येऊ नका. आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या.