फ्लॅट भाड्याने देताय? एजंट ठेवा किंवा ठेवू नका, पण या चुका टाळा

आमच्या पुण्यातल्या सोसायटीत निम्म्याच्या आसपास फ्लॅट भाड्याने दिलेले आहेत. सेक्रेटरी असल्यामुळे सगळ्यांचे करार, पोलीस पडताळणीच्या प्रती आणि भांडणांचे अर्ज माझ्याकडे येतात. दर मे-जूनमध्ये नवे मालक विचारतात, "एजंटकडे देऊ की मीच बघू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. भाडेकरू शोधायला एजंट खुशाल घ्या, पण पैसा, करार आणि घराची अवस्था या तीन गोष्टी स्वतःच्या हातात ठेवा. लोक नेमक्या याच तीन गोष्टी आधी सोडतात.

किल्लीबरोबर सगळा कारभारच एजंटला देणं

एजंटचा फायदा कशात आहे, हे आधी समजून घ्या. आमच्याकडे त्याला साधारण एका महिन्याचं भाडं ब्रोकरेज म्हणून मिळतं, बऱ्याचदा दोन्ही बाजूंकडून. ते मिळालं की त्याचं काम संपलं. पुढचं ब्रोकरेज भाडेकरू बदलला तरच मिळणार. म्हणजे तुमचा चांगला भाडेकरू पाच वर्षं टिकावा, असं त्याला वाटण्याचं काही कारणच नाही. दरमहा ठरावीक रक्कम घेऊन घर सांभाळणारेही आहेत आणि त्यातले काही मन लावून काम करतात. पण ते काय करणार आणि काय नाही, हे कागदावर लिहून घेणारा मालक मला क्वचितच भेटतो.

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटचे मालक बंगळुरूला असतात. "साहेब, तुम्ही फक्त भाडं घ्या, बाकी सगळं मी बघतो," असं एजंट म्हणाला आणि त्यांनी किल्ली दिली. एजंटने स्टॅम्प पेपरवर नोटरी करून करार उरकला. कागदावर एक नवरा-बायको. प्रत्यक्षात त्या दोन खोल्यांत आठ मुलं राहायला आली. प्रत्येकाकडून वेगळं डिपॉझिट घेतलेलं, आणि तो सगळा पैसा एजंटच्या खात्यात. मालकांना भाडं वेळेवर मिळत होतं, त्यामुळे त्यांनी कधी चौकशी केली नाही. माझी पत्रं गेली, तीही त्यांनी एजंटलाच पुढे पाठवली.

मग बाथरूममधून गळती सुरू झाली. खालच्या घरातल्या बेडरूमचं छत ओलं झालं, प्लास्टर पडायला लागलं. एजंटने पाठवलेला प्लंबर वरवर पांढरं सिमेंट थापून गेला. पुढच्या महिन्यात भाडं थांबलं आणि एजंटचा फोन बंद झाला. मालक धावत आले तेव्हा दार एका अनोळखी मुलाने उघडलं. मुलांचं म्हणणं एकच होतं: आमचं डिपॉझिट द्या, आम्ही जातो. त्यांचंही काही चुकलं नव्हतं, त्यांनी पैसे खरोखर भरले होते. शेवटी मालकांनी निम्मं डिपॉझिट पदरचं घालून तडजोड केली. खालच्यांचं छत करून दिलं, बाथरूमच्या फरशा उखडून वॉटरप्रूफिंग केलं. ब्रोकरेज देऊन जे कष्ट 'वाचवले' होते, ते असे वसूल झाले. मला राग याचा येतो की भाडेकरूशी सुरुवातीलाच एकदा फोनवर बोलले असते, तरी हे सगळं टळलं असतं.

माझ्या सवयी सांगतो. भाडं आणि डिपॉझिट मालकाच्याच बँक खात्यात, एजंटच्या खात्यात एक रुपयाही नाही. भाडेकरूचा नंबर स्वतःकडे, आणि करारापूर्वी त्याच्याशी बोलणं सक्तीचं. तुम्ही परगावी असाल तर कुलमुखत्यारपत्र, म्हणजे तुमच्या वतीने व्यवहार करण्याचा लेखी अधिकार, बहिणीला, भावाला, मेहुण्याला द्या. एजंटला देऊ नका. आणि दर तीन-चार महिन्यांनी, आधी कळवून, कोणीतरी आपलं माणूस घरात डोकावून आलं पाहिजे.

"अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला?"

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता बोलणाऱ्याला तिथेच थांबवतो. 1908 च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. त्यावरून देशभर अकरा महिन्यांची पळवाट रूढ झाली. महाराष्ट्रात ती चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायची परवानगी देणारा, आपल्याकडचा नेहमीचा भाडेकरार) लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, भाडेकरूची किंवा एजंटची नाही. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून महाग पडणारी गोष्ट पुढे आहे: वाद झाला तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, जोपर्यंत तुम्ही ते खोटं ठरवत नाही.

एवढी जोखीम कशासाठी घ्यायची, याचा हिशोब करा. भाडं 25,000, डिपॉझिट एक लाख, मुदत अकरा महिने. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटच्या वार्षिक 10 टक्के व्याजावर 0.25 टक्के, म्हणजे साधारण सातशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. वर घरी येऊन आधार आणि अंगठा घेणाऱ्याची फी. सगळं ऑनलाइन होतं, रांगेत उभं राहावं लागत नाही. लाखाच्या डिपॉझिटवर बसलेला माणूस दोन-तीन हजारांसाठी नोटरीकडे का पळतो, हे मला कधीच पटलेलं नाही. एजंट "नोटरीवर करून टाकू" म्हणाला, तर दुसरा एजंट बघा.

डिपॉझिटमधून शेवटची भाडी वळती करणं

"काका, शेवटचे दोन महिने डिपॉझिटमधून कापा." मालक हो म्हणतो, कारण भांडण नको असतं. मग भाडेकरू गेल्यावर कळतं की महावितरणचं बिल थकलंय, गीझर गेलाय, किचनचं नळ-सिंक बदलायला हवंय आणि हातात काहीच उरलेलं नाही. डिपॉझिट शेवटच्या दिवसापर्यंत अख्खं हवं, असं करारातच लिहा. घर रिकामं करून, मीटरचं रीडिंग दोघांनी मिळून बघून, किल्ली हातात आली की हिशोब करून त्याच दिवशी उरलेले पैसे परत द्या. हे शेवटचं मालकांसाठी आहे. नेहमीच्या वापराने रंग उडाला, म्हणून पोरांचं डिपॉझिट दाबून ठेवणारे मालक मी पाहिलेत, आणि त्यांची बाजू मी कधी घेत नाही.

ब्रोकरेज वाचवण्याच्या घाईत

स्वतः भाडेकरू शोधणं उत्तम, मला तेच आवडतं. पण त्याला वेळ द्यावा लागतो. जाहिरात टाकल्यावर अर्ध्या तासात "मी लष्करात आहे, घर न बघताच घेतो, डिपॉझिट पाठवतो, क्यूआर स्कॅन करा" असा फोन आला तर तो ठग आहे. पैसे घ्यायला कधीही क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. घर महिनाभर रिकामं राहिलं तर एक भाडं बुडतं, एवढंच. ते सहन होत नाही म्हणून पहिल्या येणाऱ्याला किल्ली देणारे वर्षभर माझ्याकडे तक्रारी घेऊन येतात.

थोडक्यात बाकीच्या

घर देण्याआधी खोलीनिहाय व्हिडिओ काढा. पंखे, गीझर, चाव्या यांची यादी करून सही घ्या.

पोलीस पडताळणी "झाली" असं कोणी म्हणालं, तर प्रत मागा.

सोसायटी बिनवापर शुल्क (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून लागणारं) सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच घेऊ शकते. जास्त मागितलं तर भरू नका, आमच्यासारख्या कमिटीला लेखी विचारा.

मालक परदेशात असेल तर भाडेकरूला टीडीएस, म्हणजे भाड्यातूनच आयकर, कापावाच लागतो. महिना 50,000 पर्यंत टीडीएस नाही, ही मर्यादा भारतात राहणाऱ्या मालकांच्या भाड्यापुरती आहे. एजंट हे सांगत नाहीत, आणि नोटीस भाडेकरूला येते.

मुदत संपूनही कोणी हलत नसेल तर पाणी-वीज तोडू नका, कुलूपही बदलू नका. लगेच तुम्हीच आरोपी होता. नोंदणीकृत करार हातात असेल तर त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा वादांसाठी नेमलेला सरकारी अधिकारी) अर्ज करा. त्यात घराचा ताबा आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. अर्जाला कराराची प्रत जोडायची, म्हणून ती छापून घरात वेगळी ठेवा, फक्त एजंटच्या व्हॉट्सॲपवर नको.